चष्मा लावून गेलेला माणूस

लिहायला वाकले की अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी मेजाच्या कडेवर आपटायची. टक्. मग थोडा वेळ टाकाची कुरकुर, आणि पुन्हा टक्. फाल्गुनातल्या दुपारी बाहेरचा बाजार उन्हानं चिडीचूप झालेला असताना माजघरात पडल्यापडल्या मी तो आवाज ऐकत असे, आणि आपले वडील घरात आहेत, लिहीत आहेत, म्हणजे जगाचं सारं ठीक चाललं आहे, असं मला वाटत असे. त्या डबीत त्यांचं लिंग असायचं. आम्हा लिंगायतांत ते जन्मतःच गळ्यात येतं आणि माणूस मातीत जाईपर्यंत त्याच्याबरोबर राहतं. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि पुन्हा डबीत घालून छातीवर ठेवायचं. अप्पा ती पूजा करत, पण सेलूची गाडी चुकेल अशा घाईनं. मग लिहायला बसत, डबी आपटू लागे, आणि पाच-सात वेळा टक् झालं की वैतागून ती पाठीवर टाकून देत. आवाज थांबला की स्वयंपाकघरातून माय ओरडे, "टाकलं का देवाला पाठीवर?" अप्पा निमूटपणे डबी पुढे ओढून घेत. महाराष्ट्रभर ज्यांच्या लेखणीचा दरारा होता, ते आमच्या घरात मायला भिऊन असत.

वालूरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेल्या घरातला हा माणूस कादंबरीकार झाला, याचं गावाला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. दुकान मल्लप्पाकाका बघत. ते अप्पांचे धाकटे भाऊ. अप्पांच्या कादंबऱ्या पुण्यात छापल्या जात आणि पुस्तकांचे गठ्ठे सेलूच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं आमच्या ओसरीवर येत, तेव्हा नव्या कागदाचा तो कोरा, किंचित आंबूस वास दुकानातल्या मांजरपाटाच्या वासात मिसळून जाई. नांदेडहून, हैदराबादेहून लोक त्यांना बघायला येत आणि हा काटकुळा, लांब मानेचा, खांद्यावर पंचा टाकलेला माणूस बघून जरा हिरमुसत. त्यांच्या चेहऱ्यावर शरदातल्या संध्याकाळचं ऊन असायचं. त्यात तेज असूनही चटका नसे. दूरचं त्यांना अगदी स्वच्छ दिसे. गच्चीवर उभं राहून, सेलूच्या रस्त्यानं येणारी गाडी कुणाची आहे, हे ते बैलांच्या शिंगांवरून सांगत. जवळचं मात्र काहीच दिसत नसे. म्हणून चष्मा फक्त लिहिता-वाचताना, नाहीतर खाली पडलेली सुई किंवा तांदळातला खडा शोधताना. एरवी तो सदऱ्याच्या खिशात. कानामागे वळणाऱ्या तारांचा तो चष्मा काढून खिशात टाकताना ते म्हणत, "माणसं मला बिनचष्म्याची दिसतात. चष्मा लागतो तो हरवलेलं शोधायला."

माझा स्वभाव लहानपणापासूनच संशयी. गवळ्यानं दूध घातलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघे आणि मग दुधाकडे. कुणी जास्त गोड बोललं की ह्याच्या मनात काय आहे, हा किडा माझ्या डोक्यात वळवळू लागे, आणि समोरच्याला मी इतके प्रश्न विचारी की तो उठून जाई. अप्पा हसत. तालुक्याच्या फौजदाराला आमच्याकडे अमीन म्हणत, तोच हुद्दा त्यांनी मला दिला होता. मी खोलीत डोकावले की ते टाक बाजूला ठेवून, दोन्ही हात पुढे करून म्हणत, "या अमीनसाहेब, घ्या जबाब." मला तेव्हा राग यायचा. आता त्या हाकेसाठी मी काय वाटेल ते देईन.

खरा अमीन आमच्या दारी आला तो अप्पांची शेवटची कादंबरी आल्यावर. निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. कुणाच्या घरी कोण उतरलं, कोणतं वर्तमानपत्र आलं, याच्याही बातम्या वर जात असत. कादंबरीत एक लाचखाऊ कोतवाल होता, एवढं निमित्त पुरलं. पण गावाला कोतवालाशी घेणंदेणं नव्हतं. गावाला खुपलं ते दुसरंच: कादंबरीचा नायक, आमच्यातलाच एक व्यापारी, समाजाच्या दांभिकपणाला विटून गळ्यातलं लिंग नदीत भिरकावतो आणि मागं न बघता चालू लागतो. ते प्रकरण अप्पांनी छापायला धाडण्याआधी मायला वाचून दाखवलं होतं. प्रत्येक प्रकरण ते आधी तिलाच, चुलीपुढं बसून, वाचून दाखवत. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "पुस्तकातल्या मानसाचं त्यो बगून घेईल. पर तुमच्या गळ्यातलं कदी गेलं, तर मला तोंड दावू नका." अप्पा हसले, चष्मा खिशात टाकला, आणि करपलेली भाकरी त्यांनीच वाढून घेतली.

त्यानंतर आमचे स्वामी, म्हणजे घराण्याचे जंगम, आमच्या दाराशी थांबेनासे झाले. पेठेतले चार म्हातारे अप्पा दिसले की बोलणं तोडत. अमीन येई, ओसरीवर बसे, चहा पिई आणि घरातल्या भिंती न्याहाळून जाई. महाशिवरात्रीच्या दिवशी तर त्यानं अप्पांना तालुक्याच्या ठाण्यावर बोलावून घेतलं आणि दिवसभर नुसतं बाकावर बसवून ठेवलं. घरी सणाचा दिवस. माय दरवर्षीप्रमाणे सुताचे नवे दोरे वळत बसली होती आणि तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. दुसऱ्या दिवशी अप्पा परतले तेव्हा ते एकदम वाकल्यासारखे दिसले. "काय विचारलं हो?" म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "तुझ्याइतके अवघड प्रश्न नव्हते."

आणि चैत्रात अप्पा गेले.

गावच्या बारवेला गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात वर आग पडत असली तरी तळाशी गारवा असतो, आणि पाण्यावरचा उजेड दगडांवर थरथरत राहतो. लिहून मान अवघडली की अप्पा दुपारचे तिथं जात, पाण्यालगतच्या पायरीवर बसत, मान-तोंड धूत आणि परत येत. पोहता त्यांना मुळीच येत नव्हतं, पण त्यांना पाण्याचा शेजार आवडे. त्या दुपारी पाण्याला गेलेल्या बायकांना ते तरंगताना दिसले. आरडाओरडा झाला, आणि सगळ्यांच्या आधी धावले ते मल्लप्पाकाका. मी पोचले तेव्हा अप्पांना वर आणून चिंचेच्या सावलीत ठेवलं होतं. दोन गोष्टी माझ्या डोळ्यांत तेव्हाच खुपल्या. जन्मात कधी गळ्याचं बटण न लावणाऱ्या माझ्या वडिलांचा सदरा हनुवटीपर्यंत बंद होता. आणि त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, तारा कानामागे अडकलेला, काचांवर पाण्याचे थेंब.

अमीन आला, बारवेत डोकावला, आणि सावलीत बसून त्यानं उर्दूत पंचनामा उरकला. मी पुढं होऊन विचारलं, काय लिहिलंत. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "इत्तेफाकी मौत. पाँव फिसल्या, गए. अब क्या करना, बेटी?" ज्या माणसानं माझ्या वडिलांना महिनोन्‌महिने नजरेआड होऊ दिलं नव्हतं, त्याला त्यांच्या मरणाची एवढी कमी उत्सुकता कशी? काकांनी तत्परतेनं सही केली, तेही मला खटकलं. पेठेतले म्हातारे मान हलवून "अपघातच, अपघातच" म्हणत होते, आणि तो शब्द इतक्या तोंडांतून इतक्या लवकर आला की मला तो आधीच ठरवून ठेवल्यासारखा वाटला.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आणि डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. दहनासारखा आमच्यात धूर नसतो. माणूस पूजेला बसल्यासारखा मातीत जातो. स्वामी आले, इतक्या दिवसांनी आले, आणि त्यांनी लिंग मागितलं. काकांनी खाली बघत सांगितलं, "गळ्यात न्हाई, स्वामी." मग स्वामींनी आपल्या झोळीतून नवं लिंग काढलं, भस्म लावलं आणि अप्पांच्या गार तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटवली. उपकारच केले, पण त्या बोटांकडे बघताना मला वाटलं, अप्पांच्या हाती कुण्या परक्याची वस्तू दिली आहे.

दिवस मावळायच्या आत गावात नवीच कुजबुज पसरली. अपघात हा तोंडावर बोलायचा शब्द झाला आणि पाठीमागचा शब्द वेगळा झाला. पुस्तकातल्यासारखंच केलं म्हणे; आधी लिंग फेकलं आणि मग स्वतःला. मी पाणवठ्यावर गेले की बायका घागरी उचलून निघत. कुणी कीव करी, तिच्यात मला समाधान दिसे. मला कुणाचंच खरं वाटेना. अमीनानं चांदीच्या लोभानं डबी काढून घेतली असेल, आणि ती काढताना अप्पांना ढकललंही असेल. म्हाताऱ्यांपैकी कुणी राग काढला असेल. काकांनी तो सदरा का बंद केला होता? त्याखाली काही वळ होते का? मी त्यांच्या ताटात वाढत असे आणि त्यांच्या हातांकडे बघत असे.

पण खरं सांगायचं तर हे सगळे संशय मी एका संशयाच्या भीतीनं पाळले होते. अप्पांना कुणी मारलं असेल, तर ते आमच्यापासून ओढून नेले गेले. आणि ते आपल्या पायांनी गेले असतील, तर आमच्याकडे पाठ फिरवून गेले; सकाळी मला "अमीनसाहेब" म्हणाले, मायच्या हातची भाकरी खाल्ली, आणि मनात ठरवून बसले होते. मला खुनी सापडायला हवा होता, म्हणजे माझे वडील माझे राहिले असते. मायला काय हवं होतं ते ती बोलत नव्हती. तिनं त्या दिवसापासून बोलणंच जवळजवळ सोडलं. दुपारी मेज तसंच असे, दौत वाळून गेलेली, आणि माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्या दिशेला कान देऊन असे. तिच्याजवळ गेलं तरी तिला कळत नसे.

माझ्याकडे पुरावा म्हणावा असा एकच होता, चष्मा. तो माझ्या मनात वर्षभर एखाद्या कुसळासारखा सलत राहिला. तोंड धुवायला गेलेला माणूस चष्मा लावत नाही. मरायला निघालेला तरी कशाला लावेल? कुणीतरी त्यांना काही वाचायला दिलं असेल, ते वाचत असताना मागून धक्का दिला असेल, असं मी जुळवून ठेवलं होतं. वाचायला दिलेलं काय आणि कुणी, तिथं माझी गाडी अडे.

पुढच्या वैशाखात बारवेचं पाणी फारच खाली गेलं आणि गावानं गाळ काढायला घेतला. माणसं पायऱ्यांवर रांगेनं उभी राहून टोपली हातोहात वर देत होती. ओल्या चिखलाचा, कुजलेल्या पानांचा वास उन्हात तरंगत होता. मी रोज काठावर जाऊन उभी राहत असे आणि प्रत्येक टोपलीवर नजर ठेवत असे. तिथंच पलीकडच्या अंगाला मल्लप्पाकाकाही रोज येऊन उभे राहत. दुकान सोडून हा माणूस इथं उन्हात काय करतो आहे? काही सापडलं तर आपल्या आधी ह्याच्या हाती लागायला नको, म्हणून मी त्यांच्याजवळ सरकून उभी राहू लागले. आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो आणि मधून चिखल वर चालला होता.

डबी तळातल्या गाळात नव्हतीच. नेहमीच्या पाण्याखाली असणाऱ्या, आता उघड्या पडलेल्या पायऱ्यांवरचा चिखल एक जण फावड्यानं ओढत होता, तेव्हा दोन दगडांच्या फटीत काहीतरी वाजलं. "आरं, थांब थांब, हात लावू नगंस!" असं ओरडत काका त्या वयात भराभरा खाली उतरले. मी त्यांच्या मागं. चिखलाचा गोळा त्यांनी पाण्यात धुतला आणि काळवंडलेली चांदी दिसली तशी ती माझ्या हातात दिली. डबी घट्ट बंद होती. दोरा कुजून नाहीसा झाला होता. काका त्याच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. "गौरे, म्याच सदऱ्याच्या गुंड्या लावल्या व्हत्या गं. गळा मोकळा दिसला, आन् मला कळंना काय करावं. लोकायनी बगायच्या आत झाकलं. दादानं फेकलं आसंल, आसंच वाटायलं व्हतं मला, वरिसभर."

मी पायरीकडे बघत होते. अप्पा बसत ती पायरी वर होती, आणि ही तिच्यापासून फार खाली नव्हती. गेल्या चैत्रात इथं माणसाच्या कमरेइतकं पाणी असेल, आणि पुढं एकदम खोल. फेकणारा मधोमध, खोल पाण्यात फेकतो. ही तर पायाशीच पडली होती. मान धुवायला वाकताना डबी सुटून पाण्यात गेली असणार, आणि नितळ पाण्याखाली चांदी लुकलुकली असणार. अप्पांना जवळचं दिसत नसे. म्हणून त्यांनी खिशातून चष्मा काढला, तारा नीट कानामागे अडकवल्या आणि शेवाळावर पाय ठेवला. ती हातभर पुढं होती, एवढंच. मला वर्षभर न सुटलेली गोष्ट अशी सरळ माझ्यासमोर उभी राहिली, आणि मीही काकांच्या शेजारी बसून रडले. माझे वडील कुठंही निघाले नव्हते. ते घरीच यायला निघाले होते.

डबी मायच्या ओंजळीत ठेवली आणि सगळं सांगितलं. ती उठली, भिंतीतल्या देवळीत ठेवलेली कुंकवाची पेटी उघडली आणि तिच्यातून सुताचा एक दोरा काढला. पांढरास्वच्छ, कोरा. शिवरात्रीला ती घरातल्या सगळ्यांच्या डब्यांचे जुने दोरे काढून नवे बांधत असे, आणि हा त्या वर्षी अप्पांसाठी वळलेला होता. त्या दिवशी ते ठाण्यावर बसून होते. परत आले ते इतके खचलेले की तिला म्हणवलं नाही, आणि सणाचा दिवस टळला म्हणून तो तसाच राहिला. पाठीवर-छातीवर ओढून झिजलेल्या जुन्या दोऱ्यावरच ते बारवेवर गेले. अमीनानं अप्पांना ढकललं नव्हतं, हे मला मानावं लागलं. पण माझा संशय अगदीच वाया गेला, असं मी आजही म्हणणार नाही.

माय डबीला दोरा ओवू लागली. गाठ बसत नव्हती. एकाएकी ती हसली. त्या वर्षात पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "पुस्तकात फेकायला लावलं मानसाला, आन् सोता पान्यात उतरले हुडकायला! हरवलं म्हनून तसंच घरी आले असते, तर म्या काय खाल्लं असतं का त्यानला?" चुलीपुढं बोललेलं ते एक वाक्य तिनं वर्षभर एकटीनं उराशी धरलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी तिचे हात हातात घेतले आणि आम्ही दोघींनी मिळून ती गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी स्वामी यायचे होते. अप्पांच्या समाधीशी थोडी माती उकरून डबी त्यांच्याजवळ ठेवायची ठरलं होतं. तेवढी एक संध्याकाळ ती आमच्या घरी राहिली. उन्हं उतरली होती आणि खिडकीतून आलेला पिवळट उजेड मेजावर लांबलचक पसरला होता. मायनं डबी नेऊन मेजावर ठेवली, पण सवय नसलेल्या हातानं. ती कडेवर आपटली. टक्. आम्ही दोघीही जागच्या जागी उभ्या राहिलो.

आता माय नाही, काका नाहीत, ते राज्यही गेलं. मी म्हातारी झाले तरी माझा स्वभाव गेलेला नाही. नातवंडं भेटायला आली की त्यांचं बोलणं ऐकण्याआधी मी त्यांच्या गळ्यातला दोरा बोटांनी चाचपून बघते आणि ती मला हसतात. दुपारी घर शांत झालं की अजूनही माझा कान त्या आवाजाकडे लागतो. तो येत नाही. मग इतक्या वर्षांनंतरही मला आधी वाटतं ते एवढंच, की अप्पांनी डबी पाठीवर टाकली असेल, आणि आता आतून माय ओरडेल.